बारावी पास संतोष कापगते

रंगनाथ भाटवडेकरांना निवृत्तीच्या दिवशी बँकेने एक शाल, एक श्रीफळ, चांदीचा मुलामा दिलेला गणपती आणि बोलायला पाच मिनिटं दिली. पहिल्या तीन वस्तू त्यांनी जपून घरी नेल्या. पाच मिनिटांची त्यांनी पंचवीस केली, आणि त्यातल्या बाविसाव्या मिनिटाला एका माणसाची नोकरी धोक्यात घातली.

तसा दोष श्रोत्यांचाही होता. ते हसत होते. खडकी बाजारातल्या त्या शाखेत भाटवडेकर बोलायला उभे राहिले की लोक आधीपासूनच हसायच्या तयारीत बसत. अडतीस वर्षांत त्यांनी कुणाचं कर्ज अडवलं नाही, कुणाची फाईल हरवली नाही आणि कुणाला शांतपणे जेवू दिलं नाही. डबा खाताना ते गोष्टी सांगत. त्या दिवशी तर समोर विभागीय कार्यालयातले बडे साहेब, मागे बॅनर, बाजूला बटाटेवडे. बोलायची खुमखुमी असलेल्या माणसाला आणखी काय लागतं?

त्यांनी एकेकाची हजेरी घेतली. कॅशियरबाईंचा नोटा मोजतानाचा चेहरा, सुरक्षारक्षकाची डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या, मॅनेजरांचा पासवर्ड विसरायचा नेम. सगळे पोट धरून हसले. आता शेवट जोरदार हवा होता. तेवढ्यात दारातून शिपाई संतोष कापगते चहाचा ट्रे घेऊन आत आला आणि भाटवडेकरांना शेवट सापडला.

"आणि हा आमचा संतोष," ते म्हणाले. "तुम्ही याला शिपाई समजता. मंडळी, हा एम.ए. आहे. अर्थशास्त्र, फर्स्ट क्लास. आणि मी कोण? बारावी पास. साऱ्या पुण्यात मला दुसरी शाखा दाखवा, जिथं बारावी पास ऑफिसरला एम.ए. झालेला माणूस चहा आणून देतो."

टाळ्या थांबेनात. संतोषने ट्रे खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि तो बाहेर गेला. लाजला, भाटवडेकरांना वाटलं. बड्या साहेबांनी खिशातून छोटी डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं. भाटवडेकरांना वाटलं, विनोद टिपला.

कॅशियरबाईंनी सगळं भाषण मोबाईलवर घेतलं होतं. घरी जाताना रिक्षातच भाटवडेकरांनी ते मागवून घेतलं आणि 'खडकी परिवार' या ग्रुपवर स्वतःच्या हाताने टाकलं. दीडशे माणसांनी अंगठे दाखवले.

घरी आनंदीबाईंनी ते चष्मा लावून पूर्ण पाहिलं. बाविसाव्या मिनिटाला त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"अहो, हे कुणाला विचारून सांगितलंत?"

"कौतुकच केलं की त्याचं."

"त्याने आपल्याला सांगितलं तेव्हा पुढे काय म्हणाला होता? आठवतंय, की टाळ्यांत वाहून गेलं?"

भाटवडेकरांना आठवलं, आणि ते शाल अंगावर तशीच ठेवून सोफ्यावर बसले.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची. त्यांची मुलगी अपूर्वा तेव्हा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि अर्थशास्त्र नावाच्या विषयाने तिची भूक उडवली होती. एका शनिवारी संतोष शाखेच्या किल्ल्या द्यायला घरी आला. अपूर्वा टेबलावर वहीत डोकं घालून बसली होती. पाण्याचा पेला हातात घेऊन तो मागून वहीकडे बघत राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "ताई, ही रेघ उलटी काढली तुम्ही." मग उभ्या उभ्याच त्याने मागणीचा नियम समजावला, कॉलेजात तीन महिन्यांत कुणी समजावला नव्हता, असा. भाटवडेकर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकत होते. त्यांनाही समजला. बँकेत चौतीस वर्षं काढल्यावर पहिल्यांदा समजला.

मग प्रश्न झाले आणि संतोषला उत्तरं द्यावी लागली. गाव भंडाऱ्याकडचं साकोली. वडील राईस मिलमध्ये हमाल. नागपूरला एम.ए., एकसष्ट टक्के. मग पुण्याला स्पर्धा परीक्षा द्यायला आला, पाच जणांत एक खोली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला आणि दोनदा तिथूनच परतला. पैसे संपले, वडील गेले. तेव्हा बँकेची शिपायांची जाहिरात आली. वय बसत होतं, जिल्ह्याची अट नव्हती. फक्त खाली एक ओळ होती: उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, पदवीधरांनी अर्ज करू नये.

ही ओळ बँकेने उगाच घातली नव्हती. पदवीधर माणूस टेबल पुसत नाही, चार महिन्यांत पळतो, आणि पळाला नाही तर युनियनमध्ये जातो, असा तिचा अनुभव. म्हणून संतोषने शिक्षणाच्या रकान्यात बारावी लिहिलं आणि तिथेच थांबला. खोटं काही लिहिलं नाही. खरं फक्त पाच वर्षांनी कमी लिहिलं.

"साहेब," तो तेव्हा म्हणाला होता, "हे या घरात राहू द्या. पोरीच्या शाळेच्या फॉर्मातही मी बारावीच लिहितो. तिलाही सांगितलं नाही. लहान आहे, कुठंतरी बोलून जाईल."

"माझ्या तोंडून जाणार नाही," भाटवडेकर म्हणाले होते. संतोषची मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत गप्प राहिली, कारण तिला माहीतच नव्हतं. साठ वर्षांच्या माणसाला माहीत होतं, आणि तो बोलून गेला.

पुढे दोन वर्षं दर रविवारी संतोष अपूर्वाला शिकवायला येत असे. घरात तो 'कापगते सर' असे. सोमवारी शाखेत पुन्हा "अरे संतोष, दोन चहा सांग." भाटवडेकरांना या दोन वारांमधला फरक कधी खटकला नाही. उलट गंमत वाटायची. एखादं गुपित आपल्याकडे आहे याची गोडी त्यांना इतकी लागली होती की ते गुपित दुसऱ्याचं आहे, हे हळूहळू विसरायला झालं.

एकदा मात्र त्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी शाखा रिकामी झाल्यावर संतोष रद्दीत टाकायची इंग्रजी वर्तमानपत्रं गोळा करत होता. एक पान हातात धरून तो तसाच उभा राहिला, दहा मिनिटं असेल. पावलं वाजली तशी त्याने ते पान घाईघाईने चुरगाळून पोत्यात कोंबलं. चोरीचा माल हाती लागावा, तसं. भाटवडेकरांनी घरी येऊन हीसुद्धा गोष्ट साभिनय सांगितली होती. त्या रात्री सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांना तीही आठवली, आणि आपण तेव्हा काय काय हावभाव केले होते तेही.

नवव्या दिवशी शाखेत संतोषच्या नावाने पत्र आलं. कॅशियरबाईंनी फोनवर वाचून दाखवलं: नियुक्तीच्या वेळी उच्च शैक्षणिक अर्हता लपवून आपण बँकेची दिशाभूल केल्याचे समजते, सात दिवसांत खुलासा करावा. सोबत पुरावा म्हणून काय जोडलं होतं? भाटवडेकरांचं भाषण. त्यांनीच ग्रुपवर टाकलेलं.

"साहेब, पहिल्यांदाच तुमचं भाषण कुणी टाईप करून काढलंय," कॅशियरबाई म्हणाल्या. त्यांना विनोद करायचा नव्हता, पण झाला. भाटवडेकरांना त्या महिन्यात पहिल्यांदा विनोदाची भीती वाटली.

ते खडकीला गेले. शाखेत शिरायचं धाडस होईना. आत कुणीतरी "या या, बोला" म्हणेल आणि आपण बोलू, अशी धास्ती. स्टेशनच्या रस्त्याला टपरीपाशी उभे राहिले. संतोष शाखेचा चहा न्यायला आला तेव्हा ते पुढे झाले.

"अरे संत..." इथे त्यांची जीभ अडली. अकरा वर्षांचं अरे-तुरे घशात अडकलं आणि त्याच्या जागी काय घालावं ते कळेना. "अहो," ते म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते बायकोला हाक मारल्यासारखं वाटलं.

"बोला साहेब."

"माझं चुकलं."

"हो."

टपरीवाल्याने किटली भरली. संतोष ग्लास मोजत होता.

"नाही, म्हणजे मी मुद्दाम..."

"माहीत आहे साहेब. मुद्दाम केलं असतं तर मला आधी कळलं असतं. मुद्दाम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते आधी दिसतं."

भाटवडेकरांनी रात्रभर एक युक्ती रचली होती, ती त्यांनी आता बाहेर काढली. बँकेकडे पुरावा काय? माझं भाषण. बाकी कागद एकही नाही. विद्यापीठाला पत्र लिहिलं तर उत्तराला दोन वर्षं. आणि माझ्या भाषणावर विश्वास कोण ठेवतो? साऱ्या पुणे विभागाला माहीत आहे, भाटवडेकर थापा मारतो. तेव्हा चौकशीत मी साक्षीला येतो. सांगतो की तो विनोद होता. तुम्ही काही बोलू नका. विचारलं तर म्हणा, बारावी.

"खोटं सांगाल?"

"अहो, अडतीस वर्षं सांगतोय. एकदा कामाचं सांगतो."

संतोषने किटली उचलली. डोळ्यांपुढे त्याच्या काय आलं ते भाटवडेकरांना समजलं नाही. नऊ वर्षांची मुलगी असेल, विश्रांतवाडीतली भाड्याची दोन खोल्यांची जागा असेल, अडतिसावं वय असेल.

"बघा," तो म्हणाला.

चौकशी विभागीय कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होती. चौकशी अधिकारी म्हणून पृथ्वीराज निंबाळकर नावाचे गृहस्थ होते. थकलेले, सज्जन, आणि मार्चअखेर निवृत्त होणारे. त्यांच्यापुढे सात प्रकरणं होती. त्यातलं हे त्यांना सगळ्यात सोपं दिसत होतं. शेजारी बँकेची बाजू मांडणारा एक तरुण अधिकारी लॅपटॉप उघडून बसला होता. समोर संतोष, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर ठेवून.

"भाटवडेकर, या," निंबाळकर म्हणाले. "तुमचं भाषण वाचलं. बटाटेवड्यांपासून वाचलं. आता एकच सांगा. कापगते एम.ए. आहेत, हे तुम्ही कशावरून म्हणालात?"

भाटवडेकरांनी घसा साफ केला. घरी आरशासमोर त्यांनी हे चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

"साहेब, विनोद होता तो."

"विनोद?"

"आता बघा. बारावी पास ऑफिसरला बारावी पास शिपायाने चहा दिला, यात हसण्यासारखं काय आहे? काहीतरी फोडणी नको का? मी विचार केला, याला काय करावं? डॉक्टर केलं तर लोक गोळ्या मागतील. वकील केला तर मॅनेजर घाबरतील. एम.ए. केला. निरुपद्रवी."

निंबाळकर हसले. तरुण अधिकारी आधी लॅपटॉपकडे बघून, मग उघडच हसला.

"आणि अर्थशास्त्र का?" त्याने विचारलं.

"बँकेत अर्थशास्त्र कुणालाच येत नाही, पकडला जायची भीती नाही."

आता निंबाळकरांना खोकलाच आला. "अहो, संतोषने एम.ए. करायचं म्हणजे," ते डोळे पुसत म्हणाले, "आधी कॉलेजचा दरवाजा कुठं असतो ते विचारत फिरावं लागेल." तरुण अधिकारी म्हणाला, "सर, ट्रे घेऊन." आणि मग दोघंही हसले. भाटवडेकरही हसले. युक्ती लागू पडली होती, दगड छातीवरून उतरला होता आणि साक्षीदाराने या क्षणी गंभीर राहणं बरं दिसलं नसतं. जरा मोठ्यानेच हसले.

निंबाळकरांनी पेन उघडलं. "ठीक आहे. साक्षीदाराचे विधान विनोदाने केलेले, आरोपास आधार नाही. कापगते, फक्त नोंदीसाठी विचारतो. तुमचं शिक्षण बारावीच ना? हो म्हणा आणि सुटा."

संतोष उभा राहिला. कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"एम.ए.," तो म्हणाला. "अर्थशास्त्र. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. एकसष्ट टक्के. प्रमाणपत्र घरी आहे, उद्या आणून देतो."

तरुण अधिकाऱ्याचे हात लॅपटॉपवर जागच्या जागी थांबले.

"कापगते," निंबाळकर हळू म्हणाले, "मी अजून लिहिलं नाहीये. पाणी प्या. बसा. पुन्हा विचारतो."

"पुन्हा विचारलं तरी तेवढंच आहे साहेब. जास्त शिकलो नाही त्यापुढे."

"तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ काय होतो?"

"जाहिरातीची ओळ मला पाठ आहे."

निंबाळकरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, मग लिहायला लागले. त्यांना लिहायचं नव्हतं हे त्यांच्या अक्षरात दिसत होतं. भाटवडेकरांना सांगण्यात आलं की त्यांची साक्ष संपली आहे, ते जाऊ शकतात. त्यांना उठता येईना. अडतीस वर्षं ज्या तोंडाचं लोक कौतुक करत आले त्या तोंडात त्यांना एक शब्द सापडेना, आणि सापडला असता तरी तो कुणी खरा मानला नसता. आत्ताच त्यांनी त्याचा लेखी बंदोबस्त करून ठेवला होता.

बावीस दिवसांनी आदेश आला. सेवेतून कमी. चोरी नाही, गैरव्यवहार नाही, अकरा वर्षांत एक उशिराचा शेरा नाही, हे सगळं आदेशात लिहिलं होतं आणि त्याच्या खालीच ते दोन शब्द होते. निंबाळकरांनी दया दाखवण्याची शिफारस केली होती. वरच्यांनी ती वाचून फाईलला लावली. युनियनवाले म्हणाले, अपील करू, कोर्टात जाऊ, जास्त शिकला म्हणून काढलंय, पेपरात येईल. किती वर्षं लागतील ते मात्र कुणी सांगितलं नाही.

भाटवडेकर चार दिवस घरातून बाहेर पडले नाहीत. सकाळी फिरायला जायचे तिथे मित्रमंडळी 'काय रंगनाथ, नवीन काय' म्हणून बाकावर जागा करून देत. त्यांनी तो रस्ता सोडला. निवृत्तीची शाल आनंदीबाईंनी कपाटात ठेवायला घेतली तर म्हणाले, नको, कुणाला तरी देऊन टाक. पाचव्या दिवशी आनंदीबाईच म्हणाल्या, "इथं बसून तुम्हाला वाईट वाटतंय हे त्याला कसं कळणार? जा. आणि तिथं गोष्टी सांगू नका."

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यापासून आत, एका तीन मजली इमारतीच्या मागच्या बाजूला संतोषच्या दोन खोल्या. दार त्याची बायको भाग्यश्रीने उघडलं. तिने ओळखलं, आणि ओळखल्यावर चेहऱ्यावर जे आलं ते तिने लपवलं नाही. तरी म्हणाली, "या जी. बसा." खुर्ची एकच होती, ती पुसून दिली. आतल्या खोलीत मुलगी अपेक्षा मोठ्याने पाढे म्हणत होती. पाहुणा आल्याचं ऐकून तिचा आवाज थांबला आणि मग हलक्या आवाजात पुन्हा सुरू झाला.

संतोष बाहेरून आला. हातात प्लास्टिकची फाईल होती.

"क्लासवाल्यांकडे गेलो होतो," तो म्हणाला. "शिकवायला माणूस पाहिजे म्हणत होते. प्रमाणपत्र बघून खूश झाले. मग विचारलं, अनुभव किती? म्हटलं, अकरा वर्षं. कुठला? म्हटलं, शिपाई. तर म्हणाले, फोन करू."

हे ऐकून हसावं की नाही, ते भाटवडेकरांना कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कळलं नाही. ते हसले नाहीत.

"तुम्हाला अपूर्वाने नमस्कार सांगितलाय," ते म्हणाले. "तिला मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. मला जमेना."

"सांगू नका. तिचं ऑफिस सुरळीत चालू दे."

भाग्यश्रीने चहा आणला. संतोषने कपबशी तिच्या हातातून घेतली आणि भाटवडेकरांपुढे धरली. अकरा वर्षांची सवय. हात आपोआप पुढे झाला. भाटवडेकरांनी दोन्ही हातांनी ती घेतली, आणि ती घेताना त्यांना खाली बघावं लागलं.

मग ज्यासाठी ते आले होते ते त्यांनी विचारलं. माफी मागायला आलोय असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं आणि स्वतःलाही. पण चौकशीच्या दिवसापासून त्यांना झोपू दिलं नव्हतं ते या एका प्रश्नाने.

"संतोषराव, एक सांगा. भाषणाची चूक माझी. ती मी मरेपर्यंत धरून बसेन. पण चौकशीत तुम्ही सुटला होतात. त्यांनी पेन उघडलं होतं. नोकरी वाचली होती, खोटं माझ्या नावावर होतं, तुम्हाला फक्त मान हलवायची होती. मग ऐन वेळी असं काय झालं, की तुम्ही उठून उभे राहिलात?"

संतोषने हातातली फाईल खुंटीला अडकवली.

"तुम्हीपण हसलात."